खपली, नाचणी, वरी: जुन्या धान्यांचा नवा स्वयंपाक

मुंबई-पुण्यातील मोठ्या दुकानांत ‘प्राचीन धान्ये’ अशी पाटी लावलेला एक कप्पा अलीकडे हमखास आढळतो. युरोपातून आलेला स्पेल्ट गहू, दक्षिण अमेरिकेतील क्विनोआ आणि त्यांच्याच शेजारी, तितक्याच सुबक पाकिटात, नाचणी. मुंबईहून निघाल्यावर दीड-दोन तासांत पेण येते, पुढे नागोठणे आणि रोहा. या पट्ट्यात महामार्गाच्या पूर्वेला डोंगररांगा सुरू होतात आणि त्यांच्या उतारांवर पावसाळ्यात नाचणी व वरी आजही उभी असते. मात्र दुकानातील पाकिटाचा आणि या उताराचा संबंध शहरातील ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. हौसेने आणलेले पीठ भाकरी फुटते, पोळी लाटता येत नाही म्हणून डब्यात तसेच पडून राहते, ही या कथेची दुसरी बाजू आहे.

‘प्राचीन धान्य’ या शब्दाची शास्त्रीय किंवा कायदेशीर व्याख्या नाही. एका अर्थाने तांदूळही प्राचीनच. आधुनिक पैदास-संशोधनाने ज्यांचे रूप फारसे पालटले नाही, जी शेकडो वर्षे जवळपास तशीच पेरली गेली, त्या धान्यांना व्यापारी व्यवहारात हे नाव मिळाले आहे. एवढे ध्यानात घेतले म्हणजे पाटीवरील शब्दाने भारावून जाण्याचे कारण उरत नाही आणि खरा प्रश्न समोर येतो: हे धान्य शिजवायचे कसे?

स्पेल्ट हा गव्हाचा जुना प्रकार. जर्मनीत आणि आसपासच्या देशांत त्याचा पाव शतकानुशतके केला जातो. दाण्यावरचे टरफल मळणीनंतरही सुटत नाही, हे त्याचे ठळक लक्षण. महाराष्ट्राला असा टरफलाचा गहू नवा नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि सीमेपलीकडे बेळगाव, विजापूर या भागांत पिकणारी खपली हा त्याच गोत्रातला गहू. किंबहुना स्पेल्टपेक्षाही जुना. स्पेल्ट आणि नेहमीचा गहू यांच्या पेशीत ४२ गुणसूत्रे असतात, तर खपलीच्या पेशीत २८. इंग्रजीत खपलीला एमर म्हणतात. पश्चिम आशियात माणसाने सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी शेती आरंभली, तेव्हाच्या पहिल्या पिकांत एमर होता. बलुचिस्तानातील मेहरगढच्या उत्खननातही त्याचे अवशेष सापडले आहेत.

येथे एक गमतीची नोंद. गव्हावरील तांबेरा रोगाचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये बारा वाणांचा जो संच ठरवला, त्यातील एका वाणाचे नावच ‘खपली’ आहे. तांबेऱ्याला दाद न देणारा म्हणून हा दाणा जगभरच्या प्रयोगशाळांत गेला आणि आपले मराठी नाव घेऊन गेला. त्याच काळात देशावरच्या शेतांतून मात्र तो मागे पडत चालला होता, कारण टरफल काढण्याची कटकट आणि कमी उतारा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खपलीचे बुटके, सुधारित वाण तयार केले आहेत. गेल्या काही वर्षांत शहरांतून वाढलेल्या मागणीमुळे तिची लागवड पुन्हा होऊ लागली आहे.

खपलीच्या पिठाची पोळी बिघडते ती तिला नेहमीच्या गव्हासारखे वागवल्यामुळे. गव्हाच्या कणकेला जो ताण असतो तो ग्लुटेन या प्रथिनामुळे. खपलीत ग्लुटेन आहे, पण त्याची पकड सैल आहे. कणीक जोर लावून तिंबत बसले की ती घट्ट होण्याऐवजी तुटू लागते. पाणी किंचित अधिक घालून सैलसर भिजवावे, अर्धा तास झाकून ठेवावे, तेलाच्या हाताने जेमतेम एकजीव करावे आणि हलक्या हाताने लाटावे. तरीही कडा फाटत असतील तर एक तृतीयांश नेहमीची कणीक मिसळण्यात कमीपणा नाही.

परंतु खपलीचे खरे रूप पोळीत नाही, खिरीत आहे. कोल्हापूर-बेळगावकडे तिला हुग्गी म्हणतात आणि लग्नकार्यात, महाप्रसादात ती मोठाल्या काहिलीत शिजते. पूर्वी गहू ओलवून उखळात कांडत, कोंडा पाखडून काढत आणि मग शिजवत. आता सडलेली खपली तयार मिळते. एक वाटी खपली रात्रभर भिजवावी, चौपट पाण्यात कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या होऊ द्याव्यात आणि पळीने अर्धवट घोटावी. दाणा पुरता मोडता कामा नये. मग पाऊण वाटी गूळ, सुंठ, जायफळ, थोडी भाजलेली खसखस. नारळाचे दूध घालायचे ते आच बंद केल्यावर, नाहीतर ते फुटते. गायी-म्हशीचे दूध घालायचे असेल तर खीर निवल्यावरच, कारण गरम गुळात दूध नासते. असंख्य घरांतील खीर याच एका चुकीने वाया जाते.

कोकणात मात्र गहू कोणत्याच काळी मुख्य पीक नव्हता. पेण-रोह्याचा धो धो पाऊस, दमट हवा आणि थोडकी थंडी त्याला मानवत नाही. येथे सखल खाचरांत भात, खाडीकाठच्या खारजमिनीत क्षार सोसणारे भात आणि डोंगरउतारांवर, ज्यांना वरकस जमीन म्हणतात तेथे, नाचणी, वरी आणि हरीक. जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. त्या कुलाब्याच्या १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॅझेटियरमध्ये भाताच्या खालोखाल याच तृणधान्यांचा उल्लेख आहे. उतारावरील शेतीला क्रम असे: पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, पुढे हरीक किंवा तीळ, कारळा आणि नंतर काही वर्षे जमीन पडीक. पातळ मातीचा कस टिकवण्याची ती रीत होती.

ही शेती करणारे प्रामुख्याने ठाकूर आणि कातकरी. त्यांपैकी कातकऱ्यांची गणना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केलेली आहे. ब्रिटिश अमदानीत वनजमिनीचे काही तुकडे या लोकांना लागवडीसाठी देण्यात आले. त्यांना दळी म्हणतात. कागद गटाच्या एखाद्या म्होरक्याच्या नावाचा आणि कसणारी कुटुंबे अनेक, असा हा प्रकार. स्वातंत्र्यानंतरही दळीधारकांचा हक्क अनेक दशके अधांतरी राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना दावा दाखल करण्याचा मार्ग खुला झाला. दुकानातील पाकिटावर ‘डोंगरी नाचणी’ असे छापलेले असते. तो डोंगर कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न त्या पाकिटाइतका साधा नाही.

नाचणीचे कूळ आफ्रिकेतले. इथिओपिया-युगांडाच्या उंच प्रदेशात ती माणसाळली आणि फार पूर्वी भारतात येऊन इतकी रुळली, की कोकणी माणसाला ती परकी आहे हे सांगूनही पटणार नाही. तिच्या दाण्याची रचना वेगळी आहे. तांबडी साल आतल्या मऊ पिठूळ गराला इतकी घट्ट चिकटलेली असते, की साध्या गिरणीत ती सोलून निघत नाही. त्यामुळे नाचणी सालीसकटच दळली जाते आणि सालीतील तंतू व क्षार आपोआप पोटात जातात. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. आणखी एक गुण म्हणजे टिकाऊपणा. नीट वाळवलेली नाचणी वर्षानुवर्षे राहते, किडीचा तिला फारसा उपद्रव होत नाही. दुष्काळात आधार देणारे धान्य म्हणून तिची ओळख होती ती यामुळेच.

याच तांबड्या सालीने तिला गरिबीचा शिक्काही दिला. पाहुणा आला की तांदळाची पांढरी भाकरी, घरच्यांसाठी नाचणीची काळी, ही कोकणातील घरांची जुनी रीत. भात मुबलक झाला, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, तशी काळी भाकरी ताटातून हळूहळू नाहीशी झाली. शहरात ती आरोग्याच्या नावाने परतली, पण मधल्या एका पिढीच्या हातून ती थापण्याची सवय गेली.

ही सवय म्हणजे काय, ते समजून घेतले तर निम्मे काम होते. नाचणीत ग्लुटेन मुळीच नाही. पीठ नुसत्या गार पाण्यात भिजवले तर ते धरून ठेवणारे काहीच नसते, म्हणून भाकरीला भेगा पडतात. ग्लुटेनचे काम येथे उकळत्या पाण्याकडून करून घ्यायचे असते. पाण्याने पिठातील स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पीठ बांधले जाते. एक वाटी पिठाला जवळजवळ तितकेच पाणी मिठाची कणी घालून उकळावे, पीठ त्यात सोडून उलथन्याच्या टोकाने हलवावे, आच बंद करून पाच मिनिटे झाकावे. परातीत काढून सोसवेल तितके गरम असतानाच पाण्याच्या हाताने मळावे. सगळा गोळा एकदाच मळून ठेवू नये. एका भाकरीपुरते पीठ घेऊन ते लोण्यासारखे मऊ होईपर्यंत रगडावे आणि लगेच थापावे. थापताना कडेला चीर दिसली, तर पाणी कमी आहे किंवा मळणे अपुरे आहे असे समजावे.

तव्यावर टाकताना कोरड्या पिठाची बाजू वर येते. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवावा. पाणी जेमतेम सुकत आले की उलटावी. पुरते सुकू दिले तर पापुद्रा फुगत नाही. दुसरी बाजू खमंग झाली की विस्तवावर शेकावी. गॅसच्या शेगडीवरही भाकरी फुगते, फक्त तवा आधी चांगला तापलेला हवा. सोबत वालाचे बिरडे, कुळथाचे पिठले किंवा जवळा. वाल हे या जिल्ह्याचे खास कडधान्य, भात कापल्यानंतर जमिनीतल्या ओलीवर येणारे; पेण-रोहा-अलिबागकडची थंडीतली पोपटीही त्याच्याच शेंगांची. तृणधान्यात लायसिन हा प्रथिनघटक कमी पडतो आणि कडधान्य ती उणीव भरून काढते. आहारशास्त्र पुस्तकात येण्यापूर्वीच ही जोडी ताटात जमलेली होती.

भाकरी जमेपर्यंत आंबील हा सोपा आरंभ. दोन चमचे पीठ अर्धी वाटी ताकात कालवून रात्रभर ठेवावे. सकाळी तीन वाट्या पाण्यात मीठ, जिरे आणि ठेचलेला लसूण उकळून त्यात हे मिश्रण ढवळत ओतावे, सात-आठ मिनिटे शिजवावे, निवल्यावर ताकाने पातळ करावे. रात्रभराच्या आंबण्याने चव तर येतेच, शिवाय दाण्यातील जे फायटेट लोह आणि कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यास अडथळा करते, तेही काही प्रमाणात कमी होते. मोड आणण्याचा लाभही हाच.

सत्त्वाच्या बाबतीत मात्र घोटाळा आहे. एकाच नावाने दोन पदार्थ विकले जातात. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, हलकी भाजून दळली तर सालीसकट पीठ मिळते. दुसऱ्या रीतीत भिजलेली नाचणी वाटून फडक्यातून गाळतात, दूध निवळू देतात आणि खाली बसलेला साका वाळवतात. हा पांढुरका साका पचायला हलका खरा, पण चोथ्याबरोबर तंतू आणि क्षारांचा मोठा वाटा निघून गेलेला असतो. कॅल्शियमच्या आशेने घेतलेला डबा दुसऱ्या प्रकारचा निघाला तर तो केवळ महाग स्टार्च ठरतो. रंग पाहावा: तांबूस असेल तर पहिला प्रकार, पांढरट असेल तर दुसरा.

वरीची कथा याहून निराळी. नाचणी परदेशातून आली, खपली पश्चिम आशियातून. वरी मात्र भारतातच माणसाळलेले धान्य. शहरातील स्वयंपाकघरात नाचणी विसरली गेली तेव्हाही वरी टिकून राहिली, याचे श्रेय एकादशीला आणि महाशिवरात्रीला द्यावे लागेल. ज्या डोंगरकरी कुटुंबांनी तिला रोजच्या पोटासाठी पिकवले, त्यांचा भात शहरात उपवासाचा फराळ झाला. वर्षातून मोजक्या दिवशीच का होईना, वऱ्याच्या तांदळाला किती पाणी लागते हे मध्यमवर्गीय घराला ठाऊक राहिले.

शेतात मात्र वरी नाचणीपेक्षा लवकर मागे पडली. याचे मुख्य कारण टरफल. दाणा बारीक, गुळगुळीत आणि वरचे कवच कठीण. ते काढायचे तर जात्यावर हलके भरडायचे, पाखडायचे, उखळात सडायचे, पुन्हा पाखडायचे. हे काम बायकांच्या वाट्याला. घरची एक वेळ भागेल एवढी वरी तयार करायला कित्येक तास जात. गावातली भाताची गिरणी तांदळाच्या मापाची, तिच्यात वरी एकतर तशीच बाहेर पडते किंवा चुरा होते. वरी सडून भगर तयार करणाऱ्या मोठ्या गिरण्या प्रामुख्याने नाशिकला आहेत. लहान यंत्रे निघाली आहेत, पण ती वाडीपर्यंत पोचत नाहीत तोवर पाच-दहा पायल्या वरी पिकवणाऱ्याला रेशनचा तांदूळ शिजवणेच सोयीचे. बियाणे घरचे असते. दोन-तीन हंगाम पेरणी चुकली की उगवण घटते आणि तो वाण त्या वाडीपुरता संपतो.

स्वयंपाकात वरी सर्वांत सोपी. एक वाटी वरी दोन-तीन पाण्यांनी धुऊन निथळावी, तुपावर किंवा कोरडीच मंद आचेवर दाणे सुटे होईपर्यंत परतावी, अडीच वाट्या उकळते पाणी ओतून झाकण ठेवावे. बारा-पंधरा मिनिटांत भात होतो. परतणे टाळले तर तोच भात गोळा बनतो. फार पांढरीशुभ्र वरी निवडू नये. ती जास्त सडलेली असते. किंचित पिवळसर, मळकट दिसणारी अधिक पौष्टिक, पण कोंड्यातील तेलामुळे तिला लवकर खवट वास येतो. ती थोडीथोडीच आणावी.

भगरीच्या पिठाबाबत सावधगिरी आवश्यक आहे. नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या सुमारास भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या राज्यात अनेकदा येतात. पीठ हवेतील ओल चटकन धरते आणि त्यात बुरशी वाढते. सुटे, तयार पीठ घेऊ नये. धान्य आणून निवडावे, धुऊन वाळवावे, लागेल तेवढेच घरी दळावे आणि केलेले पदार्थ त्याच दिवशी संपवावेत.

आणखी दोन गैरसमज दूर व्हायला हवेत. सीलिअ‍ॅक हा विकार असलेल्या व्यक्तींना गव्हातील ग्लुटेन बाधते. स्पेल्ट आणि खपली ‘पचायला हलकी’ म्हणून त्यांना दिली जाते, ते धोक्याचे आहे. दोन्ही गहूच आहेत. नाचणी आणि वरी त्यांना चालते, परंतु ज्या चक्कीवर आधी गहू दळला गेला त्याच चक्कीवर दळलेले पीठ चालत नाही. दुसरा गैरसमज मधुमेहाचा. नाचणी म्हणजे साखर वाढणारच नाही, असे मुळीच नाही. बारीक पिठाची गूळ घातलेली खीर रक्तातील साखर भराभर वाढवते. भाकरी, तीही उसळ आणि भाजीसोबत, वेगळी वागते. धान्य एकच, पण कसे दळले आणि कशाबरोबर खाल्ले यावर सारे अवलंबून.

२०१८ हे वर्ष केंद्र सरकारने भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तर २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी. २०२५-२६ च्या हंगामासाठी नाचणीची आधारभूत किंमत क्विंटलला ४,८८६ रुपये ठरली. सर्वसाधारण भाताची २,३६९. कागदावर नाचणी भाताच्या दुपटीहून मोलाची आहे. पण वरकस उतारावर पिकणारी नाचणी क्विंटलांत नव्हे, पायलीत मोजली जाते. घरच्यापुरती ठेवून उरलेली खरेदी केंद्रापर्यंत वाहून नेण्याचा खर्चही सुटत नाही. शिवाय जमिनीचे भाव आहेतच. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबई या भागाच्या आणखी जवळ आली. उतारावरच्या जमिनीला आता पिकाऐवजी तिथून दिसणाऱ्या देखाव्याचा भाव येतो.

नवी नाचणी दिवाळीच्या आगेमागे कापली जाते, मळून आणि वाळवून कार्तिक-मार्गशीर्षापर्यंत विक्रीस येते. पेण आणि रोह्याच्या बाजारात पावसाळ्यात रानभाज्यांचे वाटे घेऊन बसणाऱ्या ठाकूर-कातकरी बायकांकडे त्या दिवसांत नाचणीची चौकशी करावी. थोडीफार घरी असली तरी विचारणारे नसल्याने ती बाजारात आणली जात नाही. घेताना दाणा मुठीत दाबून पाहावा. ओलसर लागला तर घरी दोन उन्हे द्यावीत. त्यात बारीक खडे हमखास असतात, म्हणून दळण्यापूर्वी पाण्यात रोळून घ्यावे. गिरणीवाल्याला आधीच सांगून, तांदळाच्या दळणानंतर आपला डबा लावून घ्यावा, म्हणजे गव्हाचे पीठ मिसळत नाही आणि पीठही भाकरीला हवे तसे बारीक येते.